पहिले नाव, मंग काम

इंगळे सरांच्या दारात कुणीही उभं राहिलं, की सर आतूनच म्हणत, "पहिले नाव सांग, मंग काम." पोस्टमन असो, दूधवाला असो, नाहीतर त्यांची सख्खी बहीण असो, सुटका नाही. मी चिखलीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे जायचे, तरी मला दर वेळी "मी कल्पना, सर. आठवी ब" असं म्हणावं लागे. पन्नाशीची बाई मी. आधी हसू यायचं, मग चीड यायची, मग सवय झाली.

ही खोड शाळेतली. मी शाळेत असताना सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले होते. आताच्यासारखे नव्हेत. सगळं मशीन कीबोर्डच्याच पोटात, ते टीव्हीला जोडायचं, आणि लिहिलेला प्रोग्राम साठवायचा साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. विज्ञान शिकवत म्हणून ते सरांच्या गळ्यात पडले. कॅसेट वाजवली की नुसती किर्रकिर्र. कुणाचा प्रोग्राम कुठला, कानाला कसं कळणार? म्हणून सरांनी नियम केला. आधी टेपरेकॉर्डरसमोर आपलं नाव, इयत्ता आणि प्रोग्रामचं नाव बोलायचं, मग मशीनची वायर लावायची. "नाहीतर तुह्या मेहनतीले कोणी वारस नाही," म्हणत.

मशिनं पुढे भंगारात गेली. कॅसेटी मात्र सरांनी घरी नेल्या आणि पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या. रिटायर होऊन वीस वर्षं झाल्यावर एक दिवस ते माझ्या दुकानात आले, मलाच आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, "ते जुनं मशीन ह्या लॅपटॉपवर चालवता येते म्हणे. खरं काय?"

खरं होतं. इम्युलेटर म्हणतात त्याला, फुकट मिळतो. मी उतरवून दाखवला. पडद्यावर तो जुना चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला तसे सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बहुरूप्यासारखं हाय हे," म्हणाले. "मशीन नवं, सोंग जुन्याचं." त्यांचा चहा तसाच गार झाला.

मग आम्ही त्यांच्या घरी कामाला लागलो. कॅसेट वाजवायची, आवाज लॅपटॉपवर घ्यायचा, त्यातून इम्युलेटरला चालेल अशी फाइल करायची. सुरुवातीला पोरांचं बोलणं आलं की इम्युलेटर अडखळायचा. सर म्हणाले, "काप ते. मशीनले माणसाचं बोलणं नाही समजत." मी कापत गेले. तीस कॅसेटी झाल्या. कुणाचे पाढे, कुणाचा सापाचा खेळ, माझं एक कधीच बरोबर न चालणारं घड्याळ.

एकतिसावी कॅसेट त्यांनी पेटीतून काढलीच नव्हती. ती सुजाताची. सरांची एकुलती एक लेक, माझ्या एक वर्ष पुढे. मला ती दोन वेण्या आणि शाईनं माखलेली बोटं एवढीच आठवते. नववीत असताना आठ दिवसांच्या तापात गेली. फोटो भिंतीवर होता, पण तिचा आवाज साऱ्या जगात त्या एकाच कॅसेटवर होता.

"तिच्यामागं कधी वाजवली नाही मी हे," सर म्हणाले. "जुन्या टेपचा मसाला झडते. एकदा वाजंल, दुसऱ्यांदा वाजंल का नाही, भरोसा नाही. तू उतरवून घे. मी अंगणात उभा राह्यतो. पहिल्यांदा ऐकणं माह्याच्यानं नाही होत."

मी लावली. खरखर झाली, मग एक लहानसा खोकला, आणि मग घाईघाईत, शेवटचा शब्द वर नेत, "सुजाता इंगळे, आठवी अ. चिमणी आणि बोंडअळी." आणि लगेच हळू आवाजात, "झालं का हो, बाबा?" त्यापुढे किर्रकिर्र.

माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. आणि तरी माझ्या हातांनी तीसदा केलं तेच एकतिसाव्यांदा केलं. बोलणं कापलं, फाइल त्याच नावानं, मूळ फाइलीवरच साठवली, बंद केली. डोकं होतं की खोकं, कोण जाणे. मला घाई होती ती खेळ चालतो का ते पाहायची.

खेळ चालला. कपाशीच्या ओळी, त्यात फुल्यांच्या अळ्या, वरून टिपायला येणारी चिमणी. सरांना हाक मारली. ते तीनदा खेळले. चिमणी उजव्या कडेला गेली की तिथंच अडकून बसे. "इथं चुकली पोरगी," म्हणाले.

"नीट करू का, सर?"

"नको. राहू दे तिची चूक." मग डोळे पुसले, शर्टाच्या बाह्या सरळ केल्या आणि ताठ बसले. "आता आवाज लाव."

तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. कॅसेट पुन्हा लावली. टेपरेकॉर्डरच्या हेडवर तपकिरी भुकटी साचली होती, आणि आवाजाच्या जागी नुसतं सूंऽऽ. मी म्हटलं, "सर, मी कापलं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीच शिकवलं तुले ते," एवढंच म्हणाले. मग वर पाहिलं. "तू ऐकलं ना पण? कशी म्हणे ती? तशीच म्हण."

मी खोकले. घाई केली. शेवट वर नेला. "झालं का हो, बाबा" हेही हळू आवाजात म्हटलं. सरांनी डोळे मिटले होते. "हाव," ते म्हणाले, "झालं."

त्यानंतर दर खेपेला निघताना सर म्हणायचे, "एकदा म्हण." दोन वर्षं मी ते म्हणत आले. मला त्याची भीती वाटायची, कारण हळूहळू तो खोकला तिचा किती आणि माझा किती, हे मलाच कळेनासं झालं. ज्याला कळलं असतं त्याला विचारायची माझी छाती नव्हती.

सर माघात गेले. त्याआधी आठ दिवस मी गेले होते. खाटेवर पडून होते, हाताला सलाईन. त्यांना बोलायचे कष्ट नकोत म्हणून मी दारातूनच, न विचारता सुरू केलं, "सुजाता इंगळे, आठवी अ."

सरांनी हात हलवून मला थांबवलं. "तुहं," म्हणाले. "तुहं नाव सांग."

"कल्पना, सर. आठवी ब."

"हाव. ये, बस."

मी बसले. काम त्यांनी विचारलं नाही.