एकशे बारा तुकड्यांचं देऊळ

देवळालीला आमच्या घरामागे टांग्याचा रिकामा तबेला होता. छावणीतल्या सोल्जरांचे बूट शिवणाऱ्या चार चिनी कुटुंबांनी तो मामंजींकडून देवळासाठी भाड्याने घेतला. देऊळ बांधायचं नव्हतं, ते तयारच होतं. कलकत्त्याच्या त्यांच्या मोठ्या देवळात नवा गाभारा झाला, तेव्हा जुना लाकडी गाभारा सुटा करून खोक्यांतून रेल्वेने आला. त्याआधी तो चीनहून जहाजाने आलेला. खांब, तुळया, कोरीव कमानी, टोकाशी वर वळलेलं छप्पर: मी मोजले, एकशे बारा तुकडे. खिळा एकही नाही, एकाची कूस, म्हणजे कोरून पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत.

माझ्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. धुतल्या-पुसल्याशिवाय वस्तू आत घ्यायची नाही, हा माझा नियम. प्रत्येक लाकडावर खळीने चिकटवलेली मळकी कागदाची पट्टी होती, वर काळी अक्षरं. पार्सलाच्या चिठ्ठ्या असतील म्हणून मी त्या कोमट पाण्याने सोडवल्या, बंबात घातल्या आणि लाकडं वाळत ठेवली.

संध्याकाळी त्यांचा म्हातारा मिस्त्री आला. तरुणपणी कलकत्त्यात हा गाभारा त्यानेच उभा केला होता. लाकडांभोवती तो दोनदा फिरला.

"बाई, कागज किधर?"

मी पेटता बंब दाखवला. तो पायरीवरच बसला. कुठला तुकडा कुठे बसतो, ते त्या पट्ट्यांवर लिहिलं होतं. नऊ दिवसांवर त्यांचं नवं वर्ष आलेलं, आणि देव एका बूटवाल्याच्या माळ्यावर खोक्यात. नव्या वर्षाच्या सकाळी देवाला घर नसतं, तर चारही घरांना तो अपशकुन वर्षभर भोवला असता.

सासूबाई म्हणाल्या, "देव खोक्यात होता म्हणून वाचला. नाहीतर आमच्या सूनबाईंनी त्यालाही दोरीवर वाळत घातला असता."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन अंगणात बसले. मिस्त्री डोळे मिटून कुशीवरून अंगठा फिरवी, मग दुसरं लाकूड मागून घेई. सांधा जुळला की दोन्ही बाजूंना मी शाईने एकच आकडा घाली. फसला की तो म्हणे, "बाई, फिर से धोओ!"

सहाव्या दिवशी खांब उभे राहिले. दाराला गुडघाभर उंच उंबरठा, आणि आत शिरताच समोर आडवी लाकडी भिंत. भूत सरळ चालतं, त्याला वळता येत नाही, असं मिस्त्रीने समजावलं. सासूबाईंना ते इतकं पटलं की आपल्याही दारात तशी भिंत हवी म्हणून त्या महिनाभर मामंजींच्या मागे लागल्या होत्या.

नवव्या दिवशी पहाटे आढं चढलं. लाल चेहऱ्याचा, छातीपर्यंत दाढी असलेला देव आत गेला. त्यांच्या उदबत्त्यांचा तो जरा कडसर वास आजही कुठे आला, तर माझं हातातलं काम थांबतं.

पट्ट्या पुन्हा लिहून लावू या का, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "रहने दो. तुम्हारा नंबर लकडी के अंदर गया."

पुढे छावणीत कारखान्याचे तयार बूट येऊ लागले आणि ती कुटुंबं कलकत्त्याला निघाली. मिस्त्री तोवर वारला होता. गाभारा सोडवायच्या दिवशी मी वही घेऊन तबेल्यात गेले, पण ती कुणी मागितली नाही. मिस्त्रीने सगळ्यांना आमचे मराठी आकडे शिकवून ठेवले होते. वरचा माणूस सांधा सोडवी आणि आकडा पुकारी, खालचा ते लाकूड खोक्यात लावी.

"साठ! एकसष्ट!"

बासष्ट त्याला आठवेना. "साठ-दोन!" तो ओरडला.

मी दुरुस्त केलं नाही.