शेवटच्या रांगेतला रुमाल

कुठल्याही हॉलमध्ये शिरलं की बाई आधी चपला काढायच्या, रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या आणि एकच टाळी वाजवायच्या. मग मान जरा तिरकी करून ती टाळी कुठे कुठे फिरून आली ते ऐकायच्या. आम्ही तोवर तबला-डग्गा, ढोलकी, थर्मास आणि साड्यांच्या पिशव्या सांभाळत विंगेत ताटकळत उभे. ऐकून झालं की त्या म्हणायच्या, "हॉल अजून उठला नाहीये. भरला की बघू."

रिकामा हॉल गोड बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांचं मत होतं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि गाणाऱ्याला आपण फार मोठे झालो असं वाटायला लागतं. माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे, शाली आणि मांडीवरच्या पर्सेस मिळून तो आवाज पिऊन टाकतात. त्यामुळे खरी तयारी पहिल्या गाण्यात करायची आणि ती कोणाला कळू द्यायची नाही.

आमचा डोंबिवलीतला सुगम संगीताचा ग्रुप. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना बाईच म्हणायची. पेटी त्या वाजवायच्या आणि ग्रुपही त्याच चालवायच्या. मी सहकारी बँकेत काउंटरवर बसणारी आणि सुट्टीच्या दिवशी गाणारी. असे ग्रुप आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, तुम्ही त्यांचे कार्यक्रम ऐकले असतील, कदाचित मधूनच उठून गेलाही असाल. बाईंना अशा उठून जाणाऱ्यांचा राग यायचा नाही. "त्याची गाडी चुकत असेल. आपण आपली सम चुकवायची नाही," एवढंच म्हणायच्या.

गाणं आम्ही आपापल्या गुरूकडे शिकलो होतो. कार्यक्रम करायला बाईंनी शिकवलं. पहिलं गाणं छोटं आणि सगळ्यांना माहीत असलेलं घ्यायचं, कारण तेव्हा लोक ऐकत नाहीत, साड्या बघतात. कोरी साडी कार्यक्रमाला नेसायची नाही. आधी घरी नेसून तासभर मांडी घालून बसून बघायचं. माईक तोंडापासून चार बोटं लांब. ग्रुपमधली एक मुलगी माईकला ओठ टेकवून गायची, तिला त्या म्हणाल्या, "अगं, कुल्फी नाहीये ती." घसा बसला असेल तर ते श्रोत्यांना सांगायचं नाही. सांगितलं की ते गाणं सोडून घसाच ऐकत बसतात. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम सुरुवातीलाच उरकून घ्यायचा, मध्ये आला की तापलेलं सगळं थंड होतं. आणि शब्द विसरलेच, तर तबलजींकडे बघून हसायचं. लोकांना वाटतं, चूक त्यांची झाली.

आमचे तबलजी मूळचे डोंबिवलीजवळच्याच गावातले. ते म्हणायचे, "बाई, तुमच्या या आयडियेपायी माझी इज्जत गेली. बायको पण विचारते, आज किती वेळा चुकलात."

बाईंचे यजमान एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. निवृत्त झाल्यावर ते घरात नुसते येरझारा घालू लागले, तेव्हा बाईंनी त्यांना ग्रुपमध्ये काम दिलं. काकांना सूर-ताल यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. काम असं, की शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं आणि मागे कसं ऐकू येतंय ते पांढऱ्या रुमालाने कळवायचं. रुमाल डोक्यावर धरला की शब्द पोचत नाहीत, डाव्या खांद्यावर टाकला की ढोलकी जास्त होतेय, मांडीवर घडी घालून ठेवला की सगळं ठीक. वाजवता वाजवता बाई मान वर करून शेवटच्या रांगेकडे बघायच्या, हळूच मान हलवायच्या आणि साउंडवाल्याला बोटाने खूण करायच्या. आवाज लगेच जागेवर यायचा. रिक्षात बसताना काका छाती फुगवून विचारायचे, "तिसऱ्या गाण्याला वेळेवर सांगितलं की नाही?"

"अगदी वेळेवर," बाई म्हणायच्या.

काका गेले ते अचानक, दुपारी जेवून आडवे झाले असताना. महिन्याभरात कल्याणला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरलेला होता. आम्ही तो रद्द करू म्हणालो, पण बाईंनी ऐकलं नाही. त्या आल्या, चपला काढल्या, टाळी वाजवली. मग संयोजकांना जवळ बोलावून शांतपणे म्हणाल्या, "मागची दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवा. आमचा माणूस बसतो तिथे."

दुसऱ्या गाण्यात बाईंनी मान वर करून मागे बघितलं, मान हलवली आणि साउंडवाल्याला ढोलकी कमी करायची खूण केली. त्याने केली. ढोलकी खरोखरच जास्त होत होती.

पुढे प्रत्येक कार्यक्रमात हेच. आधी आम्हाला वाईट वाटायचं, नंतर भीती वाटायला लागली. साउंडवाला विठ्ठलवाडीचा, चांगला दांडगा मुलगा, पण सामान आवरताना एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, लास्टला कोणीच नसतंय. तरी बाई बरोबर सांगतात. मला तिकडे बघायला पण कसंतरी होतं." हळूहळू गोष्ट आवाजापुरती राहिली नाही. मागे बघून बाई मध्येच लय खाली आणायच्या. संपत आलेलं गाणं पुन्हा अंतऱ्यावर न्यायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांना अजून ऐकायचं होतं." माझ्या मानेवर काटा यायचा आणि त्यातच सम पकडावी लागायची.

ठाण्याचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम जवळ आला. आमच्यासाठी तो वर्षातला सर्वांत मोठा. तबलजींनी आम्हाला गोळा करून सरळ सांगितलं, "आपण तालीम करून आलेलो असतो आणि ऐन वेळी बाई खुर्चीचं ऐकतात. माझा त्यांच्यावर राग नाय. पण ठाण्यात असं झालं तर पुढच्या वर्षी आपल्याला कोण बोलवणार? एक तर ते बंद करा, नाहीतर पेटीला दुसरा माणूस बघा." बाईंनीच उभ्या केलेल्या ग्रुपमधून बाईंना काढायचं, हे बोलायला सोपं होतं. सांगायला जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्याआधी मी एक गोष्ट केली. मला लांबचं दिसत नाही आणि रंगमंचावर मी चष्मा लावत नाही, दिव्यांनी चमकतो म्हणून. पुढच्या कार्यक्रमाला मी चष्मा लावून बसले आणि बाईंनी मान वर केल्याबरोबर मीही मागे बघितलं. तिसऱ्या रांगेपर्यंत चेहरे होते. त्यामागे नुसता काळोख. समोरचे दिवे डोळ्यात येत होते. शेवटची रांगच काय, हॉल कुठे संपतो तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला. निवडायला घेतलेली मेथी पुढे ओढून मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "काल चष्मा लावून बसली होतीस."

"बाई, तिथून काहीच दिसत नाही हो."

"नाहीच दिसत."

"मग काका होते तेव्हा तुम्हाला रुमाल..."

"कधीच दिसला नाही," बाई म्हणाल्या. "उघड्या मैदानात दिवसाउजेडी कार्यक्रम असला तर तेवढ्यापुरता. बाकी हॉलमध्ये मी आपली कानाने अंदाज घ्यायचे. बोटं पेटीवर असली तरी कान मागे पाठवता येतो गं, सवयीने जमतं. पण ह्यांना काम हवं होतं. घरी सारखं म्हणायचे, माझा आता काही उपयोग नाही. मग मी मान हलवायचे. ह्यांना वाटायचं, आपल्यामुळे कार्यक्रम रंगतो. त्या आनंदात दोन घास जास्त जेवायचे."

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच बसले. काका किती टापटिपीने तो रुमाल इस्त्री करून आणायचे, ते मला आठवलं आणि रडू आलं. मग धीर करून मी म्हणाले, "म्हणजे आताही तुम्ही अंदाजच घेता. मग खुर्ची कशाला ठेवायची? लोक काहीबाही बोलतात."

बाईंनी गॅस बारीक केला. "तेच तर तुला सांगतेय. हे होते तेव्हा मला कधी दिसले नाहीत. आता दिसतात."

इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की वेड्याबिड्या झाल्यात म्हणून सोडून देता येईना. काढून टाकायचं बोलणं मी तोंडातून काढलंच नाही. तबलजींना फोन करून सांगितलं की ठाण्याचा एवढा कार्यक्रम होऊ दे. ते म्हणाले, "बरं."

ठाण्याच्या संयोजकांनी खुर्ची ठेवायला नकार दिला. पासेस जास्त वाटले गेले होते, खुर्च्या कमी पडत होत्या. पडद्याच्या फटीतून मी चष्मा लावून बघितलं, तर दाराजवळच्या त्या खुर्चीवर काठी घेतलेले एक आजोबा बसले होते. बाईंना सांगायची हिंमत झाली नाही, तेवढ्यात पडदा उघडला.

दुसऱ्या गाण्यात बाईंनी मान वर केली आणि त्यांची बोटं थांबली. एकच सूर धरून भाता हलत राहिला. तबलजींनी ठेका सोडला नाही, पण त्यांचे डोळे माझ्यावर. मी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मग बाईंची नजर सावकाश खुर्चीच्या जागेवरून दाराकडे सरकली. तिथे थोडी थांबली. त्यांनी मान हलवली आणि गाणं पुढे गेलं.

मध्यंतरात त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ते म्हातारे गृहस्थ आले ना, ह्यांनी उठून त्यांना जागा दिली. जन्माची सवय आहे ह्यांची. दारात उभे आहेत. गुडघा दुखतो ह्यांचा, आपण लवकर आटपू."

आणि खरंच लवकर आटपलं. ठरलेल्या यादीतली चांगली गाणी त्यांनी गाळून टाकली आणि आम्हाला काही कळायच्या आत भैरवीचे सूर धरले. संयोजकांचे चेहरे पडले. बाईंनी मात्र पेटी मिटली, तिच्यावर कापड घातलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "आता पेटीला कोणीतरी बघा. मी मागे बसत जाईन. ह्यांना किती दिवस एकटं उभं करू?"

आम्ही त्यांना काढलं नाही, त्याच उतरल्या. मला त्याचं हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचं दुःखही झालं.

त्यानंतर बाई प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायच्या. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या, म्हणजे तिथे कोणी बसायला नको. हातात तोच पांढरा रुमाल. मी गाताना काळोखाकडे बघून मान हलवायचे आणि साउंडवाल्याला मला वाटेल ती खूण करायचे. परतताना त्या विचारायच्या, "तिसऱ्या गाण्याला सांगितलं ते दिसलं ना?"

"दिसलं बाई. अगदी वेळेवर."

त्या माझ्याकडे बघायच्या आणि खुदकन हसायच्या. खोटं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारायच्या. मग त्यांना जिना उतरवेना, मग पलंगावरून उठवेना. शेवटच्या भेटीत माझा हात धरून त्यांनी विचारलं ते एवढंच, की हल्ली मागे कोण बसतं. मी म्हटलं, तुमची जागा आहे तशी आहे. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

बाई गेल्यावर ठाण्याचं बोलावणं पुन्हा आलं. पेटीला आता एक तरुण मुलगा आहे, हुशार आहे, बाईंना त्याने पाहिलेलंही नाही. त्या सकाळी मी गाताना सवयीने मागे बघितलं. बाई असतानाही तिथे काळोखच दिसायचा आणि आताही काळोखच होता. मी मान हलवली, साउंडवाल्याने ढोलकी कमी केली. फरक काहीच नव्हता, आणि तेच मला लागलं. काका बाईंना दिसले, मग बाई मला का दिसू नयेत, असा लहान मुलीसारखा हट्ट मनात आला.

भैरवी झाली, टाळ्या झाल्या आणि हॉलमधले दिवे लागले. मी चष्मा लावला. हॉल भरून माणसं दोन्ही भिंतींना टेकून उभी होती, काही पायऱ्यांवर बसली होती. शेवटच्या रांगेत दाराजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्या अगदी शेजारी एक तरुण आई बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि बसत नव्हती. मी तबलजींकडे बघितलं. मी विचारायच्या आधीच ते हळूच म्हणाले, "मी नाय सांगितलेलं कोणाला."

लोक उठायला लागले होते. मी माईक पुन्हा जवळ ओढला आणि भैरवीनंतर गायचं नाही हे माहीत असूनही म्हटलं, "अजून एक गाणं म्हणते." साउंडवाल्याने सवयीने हॉलचे दिवे घालवायची खूण करायला हात वर केला. त्याला मी मानेनेच नको म्हटलं, आणि त्या दोन खुर्च्यांकडे बघत लख्ख उजेडात गायला लागले.