कानातून गुडघ्याकडे

देवाने माणसाचा कान तेवढा विचार करून घडवला आणि बाकीचं शरीर वेळ उरला म्हणून त्याला जोडून दिलं, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच माणूस आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा घरमालक आहे. हिंजवडीच्या नोकरीसाठी मी परभणीहून आलो आणि नांदे गावात त्यांच्या इमारतीत खोली घेतली, तेव्हा माझं आधार कार्ड त्यांनी पाहिलंही नाही. माझे दोन्ही कान मात्र उजेडाकडे वळवून नीट तपासले आणि सामान चढवणाऱ्या हमालांसमोर जाहीर केलं, "पोट साफ ऱ्हात न्हाई तुमचं."

जन्मभर भातशेती केलेल्या या गृहस्थांना हे वेड पुण्यातल्या कुठल्याशा शिबिरात लागलं. तिथून त्यांनी कानाचा एक भलामोठा रंगीत तक्ता आणला आणि देव्हाऱ्याशेजारी टांगला. कान म्हणजे आईच्या पोटातलं उलटं बाळ. खालच्या पाळीत डोकं, वरच्या घडीत गुडघे. तेव्हा गुडघा दुखला की वरच्या घडीत मेथीचा दाणा ठेवायचा, कागदी चिकटपट्टीने डकवायचा आणि येता-जाता दाबत राहायचं. एवढीच ती विद्या, पण शेतकऱ्याचा पिंड पडला, त्यामुळे बियाण्यावरून हट्ट फार. बाजारची मेथी भाजीला, गुडघ्याला गावठीच लागते म्हणे. तिच्यासाठी आवारात एक वाफा राखलेला आहे आणि आम्हा भाडेकरूंच्या दुचाक्या रस्त्यावर उन्हात तापत असतात. शेजारच्या एका आजोबांच्या कानावर पट्टीखाली भिजलेल्या दाण्याला चक्क मोड आला. दुसरा कुणी असता तर लाजेने आठ दिवस घराबाहेर पडला नसता. यांनी ते गावभर मिरवलं. म्हाताऱ्याच्या अंगात अजून केवढी ओल आहे बघा, असं ते येईल-जाईल त्याला थांबवून सांगत होते.

त्यांचा दुसरा शोध बुगडीचा. पूर्वीच्या बायका कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालत, ती बरोबर गुडघ्याच्या जागी दाबायची, म्हणून त्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत. बायकांनी बुगड्या काढल्या आणि दवाखाने भरले. यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, तांदूळ निवडता निवडता एवढंच सांगितलं की सासूबाई बुगडी घालूनही काठी टेकतच चालायच्या. मालकांनी ते ऐकलं नाही. कानाचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला ऐकू मात्र सोयीनेच येतं.

काकू या विद्येच्या पहिल्या आणि कायमच्या रुग्ण. जमीन विकून इमारत बांधली तेव्हा मालकाने सगळ्यांच्या वर राहायचं म्हणून यांनी चौथा मजला स्वतःला ठेवला आणि लिफ्टच्या जागेत दर मजल्याला एक खोली जास्त काढून भाड्याने दिली. मी राहतो ती खोली म्हणजे खरं तर लिफ्ट आहे. मग काकूंचे गुडघे गेले. उभा जन्म शेतात काढलेली बाई वर अडकून पडली. गॅलरीत बसून वाफ्यात तण कुठे माजलंय ते वरूनच सांगायची. एकदा खाली जाऊन मातीत बसावं, याखेरीज तिने काही मागितलं नाही. ती मागायची आणि हे तिच्या कानात आणखी एक दाणा चिकटवायचे.

शेवटी आम्ही भाडेकरूंनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं आणि पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, दाणे लावून आराम वाटत असेल तर लावा, पण झिजलेला गुडघा त्याने भरून यायचा नाही, बदलावाच लागेल. मालक "बघू" म्हणाले. त्या "बघू"त भाताचं एक अख्खं पीक निघून गेलं, आणि काकूंचे कान खिडकीच्या जाळीसारखे दिसू लागले.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. वर जाऊन मी त्यांना वाट्टेल ते बोललो. तुमच्या वेडापायी ही बाई कोंडून पडली आहे, हेही बोललो. ते तक्त्याकडे बघत उभे राहिले. काकूच म्हणाल्या, "त्यांना नगा बोलू. मी कवाच तयार हाय. मी आपरेशनच्या टेबलावरनं उठलेच न्हाई तर, ह्येचं भ्या हाय त्यांना. गुडघ्यासाटी न्हाई लावत ते दाणं. मी जाऊ नये म्हनून लावत्यात." मग त्यांच्याकडे वळून, आपण उद्याच दवाखान्यात जायचं, असं तिने शांतपणे सांगून टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. काकू आता कठडा धरून स्वतः खाली येतात आणि वाफ्याशेजारी स्टुलावर बसून खुरपं चालवतात. याचं श्रेय कुणाला, हे सांगायला नकोच. ऑपरेशन निमित्त झालं, काम कानाने केलं, असं मालक नव्या भाडेकरूंना माझ्यादेखत सांगतात. एरवी मी चिडलो असतो. पण ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांच्यासोबत होतो.

आत नेण्याआधी नर्सने काकूंचं मंगळसूत्र काढलं, कानांवरचे दाणे एकेक करून सोलले आणि सगळं मालकांच्या ओंजळीत ठेवलं. दार बंद झालं. मंगळसूत्र त्यांनी खिशात घातलं, पण दाण्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मूठ मिटून ते बाकावर बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इंजिनेर सायेब, कान जरा हिकडं करा. गुडघ्याचं लावतो."

माझे गुडघे ठणठणीत होते. मी चष्मा काढला आणि कान त्यांच्याकडे केला. दाणा काही केल्या जागेवर बसत नव्हता. ते लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते, आणि दार उघडेपर्यंत मी मान हलवली नाही.