खुर्चीवरचा कोट आणि कपाटातला नालखेकडा

कॉलेजात तीस वर्षं शिपाई राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. फडक्याला धूळ लागते तसे लागतात. माझं शिक्षण सातवी. पण प्राणिशास्त्राच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. परभणीला समुद्र नाही. कपाटात मात्र समुद्रातला नालखेकडा होता. घोड्याच्या नालासारखी पाठ, मागं टोकदार शेपूट.

*

आमचे विभागप्रमुख पूर्ण्याहून रेल्वेनं ये-जा करायचे. येणं कमी, जाणं जास्त. आले की कोट खुर्चीला अडकवायचा आणि परतीची गाडी धरायची. मला हुकूम होता, "कुणी विचारलं तर कोट दाखव!"

*

विभागप्रमुख सरांनी नालखेकड्याच्या शेपटीला चिठ्ठी लावली होती, 'विषारी नांगी. हात लावू नये.' तासाच्या पैशावर शिकवायला नव्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "मामा, ही नांगी नाही. उलटा पडला की शेपूट टेकवून सुलटा होतो तो."

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "चिठ्ठी राहू दे. मुलं लांब राहतात."

कधी शिकवलंच तर सर स्वतः कपाटापासून लांब, खिडकीजवळून शिकवायचे!

*

मॅडम वर्गात म्हणाल्या, "हा खेकडा नव्हेच. विंचू-कोळ्याच्या जवळचा."

एका मुलीनं विचारलं, "मग नाव खेकडा का?"

मी दारातून म्हणालो, "आपल्याकडं मराठीचे सर पर्यावरण शिकवतेत. तसंच हाय ते."

*

मॅडमनी सांगितलं, नालखेकड्याला दहा डोळे असतात. शेपटीलासुद्धा उजेड कळतो.

मी म्हणालो, "आपल्या परीक्षेच्या हॉलमधी ह्यालाच बसवा. दोन डोळ्यांच्या माणसांना काईच दिसंना."

प्राचार्य मागंच उभे होते. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लय शांततेत गेले ते दिवस.

*

प्राचार्यांना ते कपाट बक्षिसाच्या ढाली ठेवायला हवं होतं. म्हणाले, "मामा, कॉलेज तपासायला समिती येणार आहे, ती येऊन गेली की हा मेलेला प्राणी भंगारात टाका."

"मेलेला न्हाई, सर. रिकामा हाय. उचलून बघा."

"रिकामा असेल तर आधी टाका!"

तीस वर्षं रोज पुसलेली वस्तू. घरच्या बैलाच्या पाठीवर माझा एवढा हात फिरला नसेल. पण शिपायाचं कोण ऐकतो?

*

समिती आली. समितीच्या बाईंनी नालखेकडा दोन्ही हातांनी उचलला.

"हलका आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथं फाटलंय. ही कात आहे! प्राणी वाढला, पुढून बाहेर पडला आणि निघून गेला. मागं बघणाऱ्याला वाटतं, तोच बसलाय. अशी अखंड कात सहज मिळत नाही. जपा."

"आम्ही फार जपतो, मॅडम!" प्राचार्य म्हणाले.

"छान. विभागप्रमुख कुठं आहेत?"

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. हुकूम तो हुकूम. मी खुर्चीवरच्या कोटाकडं बोट केलं.

बाई खुर्चीपाशी गेल्या. दोन बोटांनी कॉलर धरून त्यांनी कोट उचलला.

"हलका आहे," म्हणाल्या.