टाके घातलेली सौर चादर

शनिवार, ३१ जानेवारी. ठिकाण : नेवाशाच्या पुढे, ऊसतोड टोळीचा तळ. हजर : मी, आमच्या कॉलेजचे सर, कोपीतली बाई, एक शेळी. बाईचा नवरा बैलगाडी घेऊन कारखान्यावर, गैरहजर.

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळते. सर ताणता येईल अशी सौर चादर तयार करत होते. पातळ, लवचिक पडद्यावर छोटे सेल आणि त्यांच्या मधून ओळीने दिलेल्या चिरा. गणपतीच्या सजावटीसाठी पतंगाचा कागद घडी घालून दोन्ही बाजूंनी कापतात आणि उलगडला की त्याची जाळी लांबत जाते, तसंच हे. ओढ बसली की चिरा उघडतात आणि सेलवर जोर येत नाही. बांबू आणि चटईच्या कोपीची पाठ गोल असते, वाऱ्यात हलते, म्हणून चाचणीसाठी कोपी निवडली. आदल्या शनिवारी चादर बसवून दिली होती. तेव्हापासून बाईचा मोबाईल घरीच चार्ज व्हायचा. तिची अकरा वर्षांची लेक शाळेसाठी पाथर्डीकडे आजीजवळ राहते. आधी फोन चार्जिंगला रस्त्यावरच्या दुकानात पडून असायचा. आता शाळा सुटली की रोज लेकीचा आवाज ऐकू यायचा.

सरांनी शिडीवर चढून पाहिलं आणि ते तिथेच थांबले. प्रत्येक चीर काळ्या दोऱ्याने शिवलेली होती.

"वाऱ्यानं उसवाय लागलं हुतं," बाई खालून म्हणाली. "माझ्या हातनं फाटलं म्हनाल, म्हनून गोधडीच्या सुईनं टाके घातले. एवढी शिकलेली मानसं तुमी, आन फाटकं कापड दिलं व्हय?"

मला हसू आलं. सरांना आलं नाही. शिवल्यामुळे चादर ताणत नव्हती आणि वाऱ्याच्या ओढीने दोन सेल तडकले होते. सुई मात्र एकाही सेलला लागली नव्हती.

"चिरा मुद्दाम दिल्यात हो," मी तिला सांगितलं. चादर उतरवून टाके उसवून आणायचे, असं ठरलं.

"कवा आनताल?"

"गुरुवारी." मी डायरीत लिहिलं.

ती डायरीकडे पाहत होती. "समदं लिवता?"

"विसरायला होतं."

"घरी कोन कोन हाय?"

"मीच."

"आन?"

"मीच."

तिने शेळीच्या पुढ्यात उसाचं वाढं सरकवलं. "मंग याद्या कुनासाठी करता, ताई?"

मी डायरी मिटून पिशवीत टाकली.

केडगावला घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर चादर पसरली. टेबल चार माणसांचं आहे; तीन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे, जुनी बिलं आणि छत्री असते. कात्री, चिमटा, चष्मा, टेबललॅम्प अशी मांडणी केली. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि सगळीकडे सारखा. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून आलेल्या हाताचा. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आले की दोन-तीन रांगा उसवायच्या, दोऱ्याचे तुकडे बशीत. त्या आठवड्यात मी टीव्ही लावला नाही. आवाजाची गरज वाटली नाही.

बुधवारी एक रांग उरली. अर्ध्या तासाचं काम. मी कात्री खाली ठेवली.

गुरुवारी सरांना सांगितलं, अजून वेळ लागेल. सर म्हणाले, सावकाश करा. माझ्या कामाला सावकाश म्हणायची वेळ याआधी कोणावर आलेली नाही. उशीर का केला, ते मला माहीत होतं. चादर गेली की टेबल पुन्हा रिकामं होणार होतं. तिकडे बाईचा फोन कशावर चालतोय, हा विचार मी केला नाही, असं म्हणता येणार नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

सोमवारी रजा टाकून तळावर गेले. कोप्या नव्हत्या. बांबूंचे खड्डे, चुलीचे काळे दगड, वाळलेलं पाचट. रस्त्यावरचा चहावाला म्हणाला, "टोळी शुक्रवारीच हलली. इकडचा ऊस संपला ना. कुठं गेली, मुकादमालाच ठाऊक. त्याचा नंबर न्हाई माझ्याकडं."

बाईचा नंबर माझ्याकडे होता. लावला. बंद. संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेला, पुन्हा लावला. बंद.

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मुकादमाची चौकशी केली आहे. कळवतो म्हणाले. दर सोमवारी विचारते. डायरीचं पान उलटलं की त्या आठवड्याच्या यादीत पहिली ओळ तीच उतरवते : चादर पोचवणे.

चादर टेबलावरच आहे. शेवटची रांग अजून उसवायची आहे.