कान करून घ्यायला नागपूरला

आमच्या खाप्याहून नागपूर काही लांब नाही. खरेदीला, लग्नाला, दातांच्या डॉक्टरकडे आम्ही सकाळी जातो आणि दिवे लागायच्या आत परततो. या वेळी मात्र मी बॅग भरून निघाले होते. जन्मापासून मला उजवा कान नाही. त्या जागी चिंचोक्याएवढा एक कोंब होता. ऑपरेशन करून कान घडवता येतो हे मला विशीतच कळलं होतं. ठरवलं मात्र चाळिशी उलटल्यावर.

खरं सांगायचं तर मला स्वतःसाठी कानाची फारशी ओढ उरली नव्हती. केस त्या बाजूला सोडायचे, फोटोत डावीकडून उभं राहायचं, सगळं अंगवळणी पडलं होतं. कान हवा होता तो आईसाठी. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. आमच्याकडे गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं-कापायचं नसतं. दादा तेव्हा लहान होता, भुकेनं रडत होता. आईनं विळी ओढली आणि त्याला काकडी चिरून दिली. पुढे मी अशी जन्मले आणि घरच्यांना कारण शोधायला कुठे जावं लागलं नाही. बोलणारी माणसं एकेक करून गेली. आई मात्र अजून त्या विळीपाशीच बसलेली आहे. मला वाटलं, कान डोळ्यांनी दिसला की ती तिथून उठेल.

"सोबत चल ना," मी म्हटलं.

"मले नको नेऊ वं. चांगल्या कामात माझा हात नको."

पुण्याहून दादा फोनवर म्हणाला, "या वयात कोण पाहून राहिलं तुझा कान? बरं, पोचलीस की कळव."

खाप्याहून सावनेर आणि तिथून नागपूरची बस. रस्ता चांगला आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की समजायचं शहर आलं. मी नेहमीसारखी उजवा गाल खिडकीकडे करून बसले. शेजारच्या बाईंनी मला अर्धी चिक्की दिली आणि विचारलं, "नागपूरले कोणाकडे?" मी म्हटलं, बहिणीकडे. मला बहीण नाही.

दाखल व्हायच्या आधी हाताशी दुपार होती म्हणून जरीपटक्याच्या बाजारात गेले. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: डोक्यातून घालायचे कपडे नंतर महिनाभर चालत नाहीत. समोर बटणं असलेले सैल गाऊन घ्या. दुकानदार गाऊन उलगडत म्हणाला, "डिलिव्हरी के लिए है क्या दीदी? बहू के लिए?" मी मान हलवली आणि दोन घेतले. मग तर्री-पोहे खाल्ले, तेही आधीच खाऊन घ्या. नंतर तिखटानं ठसका लागला तर काय होतं ते पुढे सांगते.

हा कान आपल्याच बरगडीच्या कूर्चेतून कोरतात. वयानं कूर्चा कडक होत जाते, म्हणून माझ्या वयाच्या माणसाचा आधी छातीचा स्कॅन होतो. फारच कडक असेल तर कृत्रिम साचा बसवतात. माझी चालण्यासारखी निघाली. डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून पेनानं कडा गिरवल्या आणि ती फिल्म उलटी केली. झाला उजवा कान. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की यानं ऐकू येणार नाही, हा फक्त आकार आहे. शिवाय हे एका खेपेचं काम नाही. आधी कान त्वचेखाली चिकटवून बसवतात आणि साधारण सहा महिन्यांनी तो डोक्यापासून उचलून मागे त्वचा लावतात. दोन्ही टप्प्यांच्या खर्चाचा अंदाज पहिल्याच भेटीत लिहून मागा. विमेवाले हे नटण्यासाठी केलं म्हणतात, तर जन्मजात दोष असल्याचं पत्र डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

आणि सोबत माणूस आणा. नर्सनं तीनदा विचारलं, "पेशंटसोबत कोण?" शेवटी हॉस्पिटलमधल्याच शेवंताबाई आया दिवसपाळीला मिळाल्या.

शुद्धीवर आले तेव्हा कान दुखतच नव्हता. दुखत होती छाती. श्वास घेताना, कूस बदलताना, आणि खोकला आला तर विचारूच नका. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं असतं. कानाजवळून दोन बारीक नळ्या निघाल्या होत्या, त्या आतलं रक्त ओढून घ्यायच्या. पट्टी भलीमोठी.

"एकल्याच काहून आल्या जी?" शेवंताबाईंनी खिचडी भरवता भरवता विचारलं. "घरी कोणी नाही?"

"आई आहे."

"मंग?"

"ती येत नाही."

"माह्या सुनेचं डोकं दुखलं तरी तिची माय सावनेरहून येते. चार दिवस जातच नाही. आमचे चहा-साखरेचे डबे खाली करूनच जाते."

मला हसू फुटलं आणि कळ थेट पाठीत गेली.

"हसू नका, बाई. टाके माहे नाहीत, तुमचे आहेत."

भेटायच्या वेळेत वॉर्ड भरून जायचा. डबे उघडायचे, संत्री सोलली जायची, सालींचा वास सगळीकडे. माझ्या खाटेपाशी कोणी नसे, म्हणून पलीकडच्या खाटेवरचे पाहुणे माझं स्टूल मागून न्यायचे. मी आनंदानं द्यायची. स्टूल निदान वापरलं जात होतं.

पट्टी उघडली त्या दिवशी मी आरशाआधी फोन मागितला. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, एकदा आईशी बोला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता तुम्हाला?"

"सातवा."

"कान पहिल्या तीन महिन्यांतच घडत असतो. तुम्ही काकडी चिरली तेव्हा तो जसा व्हायचा तसा होऊन गेला होता. तुमचा काही संबंध नाही."

आई म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

नंतर मी आरसा घेतला. सुजलेला, जांभळट, पण कान. स्वतःच्याच शरीराकडे पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटलं. दाखवायला आजूबाजूला कोणी नव्हतं. शेवंताबाईंची पाळी संपली होती.

परतताना बस नको, गाडी करा. खड्ड्यात बरगडी आठवण देते. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, कान दाबायचा नाही, कडक उन्हापासून जपायचा. त्याला स्पर्श कळत नाही, त्यामुळे चटका बसला तरी समजत नाही. सूज महिनोन्महिने उतरत राहते, धीर धरा.

आईनं दारातच कान पाहिला. चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. "छान झाला," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. फोनवरच्या बोलण्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी शेजारची सून कान बघायला आली. सहावा महिना लागलेला. ग्रहण चार दिवसांवर होतं. तिनं आईलाच विचारलं, "काकू, पाळू का जी मी? हे म्हणतात काही नसते."

आई माझ्याकडे बघत राहिली, कानाकडे नाही.

"डॉक्टरीनबाई म्हणते, त्यानं काही होत नाही," ती म्हणाली. "माह्यासोबत बोलली ते. खरंच असंन." मग त्या पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण तू पाळ वं. लेकरासाठी नाही. उद्या काही झालं त लोक तुलेच विचारतीन. आणि लोक थांबले का मंग तू स्वतःलेच विचारत बसशीन."

पोरीनं मान डोलावली. आई चहा टाकायला उठली. कपबश्यांचा आवाज मला डाव्या कानानं येत राहिला. तिच्या मागे जावं असं वाटलं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी बसून राहिले.