बघितलं आसंल म्हणलो

ठाणाकुशनूरच्या पंचशीलाला भज्यांच्या तेलाचा वास सोसत नाही. पंगतीत भजी आली की ती ताट उचलून दुसरीकडं जाऊन बसते. लोकांना वाटतं पित्त. पित्त नव्हे, बाप.

बाप मारोती सातवी शिकलेला, सही झोकदार. तालुक्याच्या कचेरीपुढच्या लिंबाखाली तो सकाळपासून बसायचा आणि जमिनीच्या खरेदीखताला साक्षीला उभा राहायचा. विकणारा माणूस तोच, मी ह्याला ओळखतो, एवढंच सांगायचं आणि सही ठोकायची. मग ओळख असो का नसो. बदल्यात चहा आणि कागदात बांधलेली भजी. फोटो काढून अंगठा घेणारी मशीन तेव्हा आली नव्हती.

शेजारच्या पार्वतीबाईचं रान असंच गेलं. बाई रांडमुंड. दिरानं भलत्याच एकीला डोईवरून पदर ओढून कचेरीत उभं केलं आणि मारोतीनं मान वर न करता सांगितलं, हीच पार्वतीबाई. जिच्या चुलीचा धूर रोज आपल्या घरात यायचा, तिचं तोंड बघायची तसदी ह्या गड्यानं घेतली नाही. बोभाटा झाल्यावर लोकांनी धरलं तर म्हणाला, “माझ्या आधीच्या साक्षीदारानं बघितलं आसंल म्हणलो.” आधीचा म्हणाला, सायबानं बघितलं आसंल. कचेरीतला साहेब म्हणाला, दोन-दोन साक्षीदार होते की. पार्वतीबाई त्याच रानात दुसऱ्याच्या मजुरीनं खुरपायला लागली. त्या दिवशीची भजी मारोतीनं लेकीपुढं ठेवली होती आणि लेकीनं चवीनं खाल्ली होती. पुढं सगळं कळायला लागल्यावर तिनं भज्यांना परत हात लावला नाही.

पंचशीला शिकली, इंजिनिअर झाली, बंगळूरच्या एका कंपनीत लागली. लग्न तिनं केलं नाही. पुढं बिदरला भाड्याचं घर घेऊन तिथनंच काम करायला लागली. कंपनीचा धंदा एका फाइलसिस्टीमवर चालायचा. ढीगभर मशीनींवर फायली ठेवायच्या आणि कुठली फाइल कुणी उघडायची, कुणी पुसायची हे सांभाळायचं, हे तिचं काम. त्या फाइलसिस्टीमचा कोड सगळ्या जगाला खुला. कुणीही बदल लिहून सगळ्यांच्या मेलवर टाकावा. जाणत्यानं तो ओळ न् ओळ वाचावा आणि पटला तर खाली ‘मी तपासला’ म्हणून आपलं नाव घालावं. त्या नावांवर भरवसा ठेवून परदेशात बसलेला त्या कोडचा प्रमुख तो बदल आत घेतो. परवानगीच्या तपासणीचा कोड असला की लोक पंचशीलाचं नाव शोधायचे. फार खवट म्हणून तिची ख्याती होती. लोकांचं कच्चं काम ती अशा तोंडानं परत करायची की जणू दुधात उंदीर निघाला.

२०११ च्या उन्हाळ्यात आईच्या, सावित्रीबाईच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर गेली होती. परत येऊन मेल उघडली तर सुनीलकुमारचा बदल पुढं आलेला. सुनीलकुमार मन्नाएखेळ्ळीचा, तिला कंपनीत घेऊन आलेला, तिच्यावरचा साहेब. बदलाखाली तपासणारी म्हणून नाव होतं पंचशीलाचं. आणि प्रमुखानं खाली लिहिलं होतं, हिनं बघितलंय, तर मी घेतो.

तिनं तो बदल डोळ्यानंही बघितला नव्हता. तिच्या घशाशी जुनं तेल आलं.

मग तिनं तो वाचला. फाइल पुसायच्या आधी माणसाला तो हक्क आहे का, हे तपासणाऱ्या ओळी सुनीलकुमारनं काढून टाकल्या होत्या. म्हणे दारातच एकदा तपासतो, आत परत कशाला, काम हळू होतं. पण दुसऱ्या मशीनवरून आलेला माणूस त्या दारानं येतच नव्हता. त्याचा रस्ता निराळा आणि त्या रस्त्यावर तपासणीच नाही. पंचशीलानं आपल्या मशीनवर दोन खोटी माणसं, म्हणजे नुसत्या नावाची खाती, तयार केली. एकीचं नाव ठेवलं पार्वती, तिच्या नावानं एक फाइल केली. दुसऱ्याला बाहेरच्या रस्त्यानं आत पाठवलं. त्यानं पार्वतीची फाइल पुसली. कुणी हटकलं नाही.

तिनं सुनीलकुमारला फोन लावला.

“अण्णा, माझं नाव कुणी घातलं?”

“मीच घातलो की. तू काय परकी हायस? तुझं नाव दिसलं की तिकडचा बाबा किरकिर करत न्हाई.”

“मी वाचले न्हाई ते.”

“मी लिवलोय, तू कामून वाचायलीस? म्हायेराला गेल्यावर दर उंबऱ्याला नाव सांगतीस व्हय?”

“म्हायेराला मागचं दार बी आसतंय, अण्णा. तिथनं कुत्रं येतंय.”

तो हसला. मग त्याचा आवाज गोड झाला आणि तो गोड आवाज तिला शिवीपेक्षा घाण वाटला. आपल्या भागातली आपण दोघंच, तो सांगत होता, मोठं गिऱ्हाईक वेगासाठी अडून बसलंय. चूक असली तर मागनं सावकाश दुरुस्त करू. आणि चारचौघांत नाव काढून घेतलंस तर कंपनीचं नाक जातंय, मग बिदरला बसून काम करायची तुझी चैन मला टिकवता येणार न्हाई.

“नुसतं नाव तर हाय,” तो शेवटी म्हणाला.

तिनं फोन ठेवला आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. हा बदल मी वाचला नव्हता, माझं नाव मला न विचारता घातलंय, आता वाचलाय आणि तो सडका आहे. खाली पार्वतीची फाइल कशी गेली ते लिहिलं. संध्याकाळपर्यंत प्रमुखानं बदल फेकून दिला, तिचे आभार मानले आणि आपण स्वतः का वाचला नाही ह्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पण कोड खुला, कुणीही त्याची आपली प्रत करून वापरावी. कंपनीनं तोच बदल आपल्या प्रतीत घालून गिऱ्हाइकाला देऊन टाकला, खालच्या नावासकट. पंचशीलानं नाव काढा म्हणून पाठपुरावा केला तर सुनीलकुमारनं कळवलं, पोचलं ते पोचलं, आता कोण उघडून बघायलंय. तिनं गिऱ्हाइकालाच कळवायचं ठरवलं, तोवर तिचं कंपनीतलं मेलचं खातं बंद झालं होतं, गिऱ्हाइकाचा पत्ता त्यातच राहिला. राजीनामा तिनं साध्या टपालानं पाठवला.

गावी आली तेव्हा मारोती अंगणात चहा पीत होता. काय झालं ते तिनं आईला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि बशीत फुंकर मारत म्हणाला, “नावच मागत होते न्हवं? करून टाकायची सही. वरच्यानं बघितलं आसंल की.”

पंचशीलाला त्याच्या ओठावरची चहाची साय दिसत होती. ती बघवेना म्हणून ती उठली. तेवढ्यात रानातून परतलेली पार्वतीबाई खुरपं कमरेला खोचून दारात थांबली आणि विचारायला लागली, मधीच कशी गं आलीस, नोकरी सुटली का काय.

“सोडले, आत्या,” पंचशीला म्हणाली.

मारोती मान खाली घालून बशीतला चहा बघत बसला. पार्वतीबाई जाईपर्यंत त्यानं तोंड वर केलं नाही.